बोटीत न बसलेला माणूस

१

आमच्या घरात नवरा-बायकोची भांडणं होतात ती बहुतेक मेलेल्या माणसांवरून. तीही ओळखीच्या नव्हे, कॅनडातल्या.

माझी बायको कुसुम कार्ल्सरूहेच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयातून निवृत्त झाली. त्यानंतर तिने विणकाम शिकावं, बागेत रमावं असं मला वाटत होतं. ती लोकांच्या वंशावळी जुळवत बसली. गेलं वर्षभर आमच्या सूनबाईंच्या घराण्याचं खोदकाम चालू आहे. सून मिरेय कॅनडाची आहे, अकेडियन म्हणतात त्यांच्यातली. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी फ्रान्सची काही मोजकी कुटुंबं तिकडच्या किनाऱ्यावर जाऊन राहिली, पुढे इंग्रजांनी त्यांना हाकलून देशोधडीला लावलं, आणि त्या पळापळीत चर्चमधल्या जन्माच्या नोंदीही बऱ्याचशा गेल्या. त्यामुळे कोण कोणाचं लेकरू, याचा तिकडे पुष्कळदा पत्ताच लागत नाही. नात कुहू हिला शाळेत आपलं घराणं सांगायचं होतं, तेवढ्यावरून हे सगळं सुरू झालं. कुहू ते केव्हाच विसरली. कुसुम नाही.

त्या बुधवारी दुपारी वाद चालला होता तो मार्गरीत नावाच्या कोणा बाईवरून. तिची आई कोण, याला दोन बायका उमेदवार होत्या.

"अगं, तिला जाऊन अडीचशे वर्षं झाली. आता आई कोणी का असेना," मी म्हणालो.

"तुमची बदलून बघू का?" कुसुम म्हणाली, तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात स्वरूपा होती, माझ्या पंढरीची मुलगी. पंढरीनाथ खराडे आणि मी एकाच सुमारास या देशात आलो. तो स्टुटगार्टला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी इथे. मागच्या वर्षी तो गेला. स्वरूपा त्याची एकुलती एक, जन्म स्टुटगार्टचा, दातांची डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावणं हा तिचा धंदा, पण त्या दिवशी तिला स्वतःलाच बोलता येत नव्हतं. कोट न काढता ती खुर्चीत बसली.

"कुसुममावशी," ती म्हणाली, "माझे बाबा चांगले होते ना?"

मग तिने मोबाइल पुढे केला. मागच्या नाताळात तिच्या मुलीने, उर्जाने, घरातल्या सगळ्यांना डीएनए तपासायच्या पेट्या भेट दिल्या होत्या. थुंकी नळीत घालून पाठवायची, महिन्याभराने तुमचे पूर्वज कुठले ते कळतं. फ्रँकफर्टहून हृषिकेश जेवायला आला होता, त्यानेही हौसेने दिली. हृषिकेश इंगवले म्हणजे स्वरूपाचा मामेभाऊ, तिच्या आईच्या, शैलावहिनींच्या, भावाचा मुलगा. तिथे आयटीत आहे.

मोबाइलवर त्याच्या नावापुढे एकच शब्द होता: हाल्बब्रूडर.

"सावत्र भाऊ?" मी विचारलं.

"सावत्र नाही काका. सावत्र म्हणजे श्टीफ. हे हाल्ब. रक्ताचा. एक आई किंवा एक बाप दोघांचा." तिने श्वास घेतला. "मला वाटलं लॅबची चूक. दुसरीकडून करून घेतलं. तेच आलं."

कुसुमने चष्मा लावून आकडे पाहिले. मला वाटलं ती काहीतरी धीराचं बोलेल. ती पुन्हा पहिल्यापासून आकडे वाचू लागली.

२

"रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध आहे," स्वरूपा म्हणाली. "मुलगा नाही म्हणून मीच बसणार होते. गुरुजींनाही चाललं. आता आईला सांगितलंय, मला जमणार नाही. ज्या माणसानं आपल्या मेव्हण्याच्या बायकोशी... त्याच्या नावानं पाणी सोडायला माझा हात उचलत नाही, मावशी."

"शैलाताईंना हे दाखवलंस?"

"दाखवलं. बघितलं आणि म्हणाली, बाबांबद्दल असं मनात आणू नकोस. बस. मी म्हटलं, मग खरं काय ते सांग. तर गप्प. जर ती गप्प बसते, तर तिला माहीत आहे. गेनाऊ, बरोबर ना?"

मला राग आला. पंढरीला मी जवळजवळ पन्नास वर्षं ओळखत होतो. पत्त्यांत लबाडी केली तर लगेच कान लाल व्हायचे त्याचे. असा माणूस एवढं मोठं लफडं पोटात घेऊन जगेल, हे मला पटेना. पण मित्राला वाटतं म्हणून विज्ञान बदलत नाही, हेही खरं.

"हृषिकेशशी कसे वागायचे बाबा?" कुसुमने विचारलं.

"तेच तर. जीव टाकायचे त्याच्यावर. तो इकडे नोकरीला आला तेव्हा माझ्या लग्नात नव्हते एवढे खुश होते. पण कधीकधी विचित्र वागायचे." तिने मोबाइल उलटा ठेवला. "मी सोळा-सतराची असेन. सुट्टीत तो पहिल्यांदा आमच्याकडे आला होता. माक्स-आइट-झे तळ्यावर बोटी मिळतात ना, पायानं चालवायच्या? सगळे बसलो. बाबा आधी बसले होते. हृषिकेश आला तसे उठून उतरले. आई म्हणाली, अहो बसा. नाही म्हणाले, पाय मोकळे करतो. आणि आमची बोट तळ्यात फिरत होती तेवढा वेळ ते काठाकाठानं चालत राहिले. एकदा पाण्यात पडले बघ, माझ्या आठवणीत, आमच्याकडे बघत चालताना. तेव्हा आम्ही हसलो. आता वाटतं, त्याच्याजवळ बसायची लाज वाटत असेल."

कुसुमने बोटीचं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मला तो फापटपसारा वाटला.

"मी तपास करते," ती शेवटी म्हणाली. "पण एक अट. जे निघेल ते आधी ज्याचं आहे त्याला कळेल. कदाचित ते तू नसशील."

"म्हणजे?"

"मलाही अजून माहीत नाही," कुसुम म्हणाली आणि स्वरूपाचा कोट काढून घेऊन तिला जेवायला बसवलं.

३

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्रँकफर्टला गेलो. हृषिकेशने हाउप्टबानहोफ म्हणजे मोठ्या रेल्वे स्टेशनाजवळच्या कॉफीच्या दुकानात बोलावलं होतं. पन्नाशीकडे झुकलेला, केस विरळ झालेला, शांत माणूस. जन्म सांगलीकडचा, पण वडील भिलईला नोकरीला, त्यामुळे तो तिकडेच वाढला. वडील केव्हाच वारले. आई शालनताई आता सांगलीत एकट्या राहतात.

"मीपण बघितलंय ते, मावशी," तो आपणहून म्हणाला. "स्वरूपाला बघून बोलायची हिंमत होत नाही. रविवारी येणार नाही म्हणून कळवलंय. प्रोजेक्ट आहे म्हटलं."

"आईला विचारलंस?"

"काय विचारू? सत्तरीची बाई आहे ती. तिला विचारू, तू माझ्या बापाला फसवलंस का म्हणून?" त्याने कप सरकवला. "रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. जेवलास का, एवढंच विचारायला. आता मला त्या प्रश्नाचंही उत्तर नीट देता येत नाही."

"पंढरीनाथांना तू काय म्हणायचास?"

"मामा. आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात ना आमच्यात."

"आमच्यातही," कुसुम म्हणाली. "ते भिलईला यायचे?"

"सुट्टीत इंडियात आले की आधी भिलईला. दोन दिवस राहायचे, मला फिरवायचे. आईशी अगदी मानानं वागायचे, वहिनी वहिनी करून. आल्झो, म्हणजे, मला कधी काही संशय आला नाही." तो ओशाळून हसला. "आता मात्र सगळंच वेगळं दिसायला लागलंय. माझं जावळ काढलं ना, त्याला मामा खास जर्मनीहून आले होते. त्यांच्याच मांडीवर मला बसवलं होतं. आईचे दोन सख्खे भाऊ तिथे मांडवात उभे, आणि मी यांच्या मांडीवर. फोटो आहे घरी. तेव्हा वाटायचं, केवढं प्रेम. आता वाटतं, बापाचं असणार."

कुसुमने कॉफीचा कप तोंडाशी नेला होता तो तसाच खाली ठेवला.

"हृषिकेश, तुझी डीएनएची मूळ माहिती मला तपासायला देशील? स्वरूपानं तिची दिलीय."

"घ्या. ह्याहून वाईट आणखी काय निघणार?"

परतीच्या गाडीत मी कुसुमला म्हणालो, की हा बिचारा आता बाप गमावून बसणार असं दिसतंय. कुसुम खिडकीबाहेर बघत होती.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "बाप शाबूत राहील, आणि आईच जाईल."

४

शुक्रवारी आम्ही स्टुटगार्टला शैलावहिनींकडे गेलो. एस-बानच्या लोकल गाडीतून उतरून त्यांच्या घराचा चढ चढता चढता माझा दरवेळी जीव जातो. वहिनींनी दार उघडलं तेव्हा हाताला पीठ होतं. श्राद्धाची तयारी चालली होती. टेबलावर काळे तीळ, बाजूला दर्भ. तो कुठून पैदा केला देव जाणे.

कुसुम आडवळणाने बोलत नाही. तिने सरळ विचारलं. "शैलाताई, हृषिकेश तुमचा मुलगा आहे का? लग्नाआधीचा, भावाकडे दिलेला?"

मी दचकलो. वहिनी मात्र चिडल्या नाहीत. उलट थोड्या हसल्या.

"तुम्ही दोन्ही बाजू तपासताय वाटतं. स्वरूपानं एकाच बाजूला नेम धरलाय. नाही हो. माझ्या पोटी एकच मूल."

"आणि पंढरीनाथांचा?"

"त्यांचाही नाही."

"मग हे आकडे?"

वहिनी पुन्हा पिठाकडे वळल्या. "कुसुमताई, मी एकाला शब्द दिलेला आहे. तो माझा एकटीचा असता तर केव्हाच मोडला असता. यांनीही मरेपर्यंत पाळला. मुलीला माझा राग येतो, येऊ दे. तिला बापाचा राग येतो, त्याचं मात्र..." त्या थांबल्या. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, ते त्यांनी दंडाने पुसले. "ती नाही बसली तर मी बसेन, गुरुजी म्हणाले चालेल. होईल सगळं. फक्त हृषिकेश यायला हवा. यांचा भाचा जेवल्याशिवाय मी दुसऱ्या कोणाचं पान वाढणार नाही."

आम्ही निघालो. उतारावर कुसुम अचानक उभी राहिली.

"अहो, तुमच्या बहिणीचा मयुरेश आहे ना, त्याच्याबरोबर तुम्ही एका बोटीत बसाल?"

"मयुरेशबरोबर? छे. मामा-भाच्यानं एका होडीत बसू नये. आमची आई ओरडायची." माझं वय बहात्तर, इंजिनियर म्हणून जन्म गेला, आणि हे वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघालं. मला माझंच हसू आलं. "अर्थात मी काही तसलं मानत नाही."

"मानत नाही, पण बसणारही नाही."

"बसणार नाही. उगाच कशाला?"

"आणि आत्याच्या यजमानांना आपण मामा म्हणतो, त्यांच्याबरोबर?"

"त्यांच्याबरोबर बसायला काय हरकत आहे? ते काही खरे मामा..." एवढं बोललो आणि मीही तिच्यासारखाच रस्त्यात उभा राहिलो. मागून सायकलवाला घंटी वाजवून शिव्या देत गेला.

५

घरी आल्यावर कुसुमने दोघांच्या माहितीच्या फायली संगणकावर शेजारी शेजारी लावल्या. मिरेय ऑफिसातून येऊन तिच्याजवळ बसली. कुहू सोफ्यावर पडून आमच्या मराठीला जर्मनमधून उत्तरं देत होती.

"मार्गरीतचं कोडं तुला आठवतं?" कुसुमने मिरेयला जर्मनमधून विचारलं.

मिरेयने मान हलवली. आठवणारच, तिच्याच घरातलं ते. तिकडे तीच ती मोजकी घरं, पिढ्यान् पिढ्या आपापसांत लग्नं. एका घरातले दोन भाऊ दुसऱ्या घरातल्या दोन बहिणींशी लग्न करायचे. मग त्यांची मुलं नुसती चुलत उरत नाहीत, चुलतही आणि मावसही होतात, आणि डीएनएच्या आकड्यात एका बापाच्या भावंडांएवढी जवळची दिसतात. यंत्र आकडा बघून नाव देतं. त्याला लग्नाचा मांडव दिसत नाही.

"आकडा तोच," कुसुम मला समजावू लागली, "पण जुळणी वेगळी असते. प्रत्येकाजवळ दोन पदर असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. हृषिकेश जर पंढरीनाथांचा असता, तर स्वरूपाच्या फक्त बापाकडच्या पदराशी त्याचं जुळलं असतं. शैलाताईंचा असता, तर फक्त आईकडच्या. हे बघा."

पडद्यावर रंगीत पट्ट्या होत्या. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण काही जागा वेगळ्या रंगाच्या होत्या हे दिसत होतं.

"इथे दोन्ही पदर एकाच जागी जुळलेत. अर्धभावंडांत असं होत नाही. म्हणजे हृषिकेश स्वरूपाला आईकडूनही लागतो आणि बापाकडूनही. आईकडून मामेभाऊ, ते माहीत आहेच. मग बापाकडून काय?"

"आतेभाऊ," मी म्हणालो. "पण पंढरीला बहीण नव्हती."

"पंढरीनाथांनी कधी सांगितली नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे." कुसुमने चष्मा काढला. "जावळ कोणाच्या मांडीवर काढतात? मामाच्या. शालनताईंचे दोन सख्खे भाऊ मांडवात उभे असताना ते मूल जर्मनीहून आलेल्या माणसाच्या मांडीवर बसलं, कारण खरा मामा तोच होता. बोटीतून तो उतरला, कारण खरा मामा तोच होता. आणि शैलाताई काय म्हणाल्या? हृषिकेश त्यांच्या भावाचा मुलगा, म्हणजे बाई म्हणेल, माझा भाचा. त्या म्हणाल्या, यांचा भाचा."

"साटंलोटं," मी म्हणालो.

तुमची मुलगी आम्हाला, आमची तुम्हाला. आमच्या मागच्या पिढीत घरोघर झालेलं आहे. खराड्यांच्या पंढरीला इंगवल्यांची शैला केली, आणि खराड्यांची मुलगी इंगवल्यांच्या मुलाला दिली.

मिरेयला मी ते सांगितलं. तिने नेमकं तेच विचारलं जे आम्ही दोघं टाळत होतो. "मग सांगलीत जी बाई रोज फोन करून विचारते, ती कोण?"

६

शनिवारी कुसुम आणि मी पुन्हा तो चढ चढलो. स्वरूपाला किंवा हृषिकेशला एक शब्द सांगितला नव्हता. कुसुमने फक्त एवढंच विचारलं, "शैलाताई, पंढरीनाथांच्या बहिणीचं नाव काय होतं?"

वहिनी खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, "द्वारका." आणि खुर्चीत बसल्या. त्या घरात ते नाव मोठ्याने घेतलं जाण्याची ती पहिलीच वेळ असावी.

"आमचं दोघांचं जमलं होतं," त्या सांगू लागल्या. "कॉलेजातलं. माझे वडील म्हणाले, आमची मुलगी हवी तर तुमची द्या. द्वारकाला शिकायचं होतं. तिला लग्नच नको होतं एवढ्यात. हे तिच्याकडे गेले आणि म्हणाले, तू नाही म्हणालीस तरी मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. ती यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि हो म्हणाली. एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली. बाळंतपणात ताप आला आणि ती गेली. आम्ही तेव्हा इथे. तार मिळाली तेव्हा सगळं उरकलं होतं."

"आणि शालनताई?"

"तान्हं मूल, घरात बाई नाही. पुढच्या मुहूर्तावर भावाचं दुसरं लग्न लावलं. शालन एकोणीस वर्षांची होती. मूल तिच्या मांडीवर दिलं आणि ते तिचंच झालं. तिला पुढे झालं नाही. जावळाच्या दिवशी तिनं यांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, दादा, मांडीवर तुम्ही घ्या, तुमचा हक्क आहे, पण त्याला कधी कळू देऊ नका मी सावत्र आहे. आम्ही शब्द दिला. भावानं भिलईला बदली मागून घेतली, गावातलं कोणी बोलायला नको म्हणून." वहिनी टेबलावरचे तीळ चिमटीने वाटीत गोळा करू लागल्या. "हे एकदाच म्हणाले होते मला, शैला, आपल्या लग्नाची किंमत तिनं दिली. त्यानंतर तिचं नाव नाही घेतलं."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच पाणी प्यायलो. पन्नास वर्षं तो माझ्याबरोबर पत्ते खेळला आणि मी त्याला एकदाही विचारलं नाही, तुला भावंडं किती.

मी परत आलो तेव्हा कुसुम म्हणत होती, "तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आता शब्द पाळून काय होतंय बघा. मुलगी बापाला लफडेबाज समजतेय, आणि तो मुलगा आपल्या आईला. शालनताईंना हे माहीत आहे का, की तो त्यांच्याबद्दल काय समजून बसलाय?"

वहिनींनी मान वर केली. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"शब्द त्यांना दिलाय, तर तो त्यांनाच परत मागा," कुसुम म्हणाली.

वहिनींनी सांगलीला फोन लावला. आम्ही दोघं बाहेर जिन्यात जाऊन बसलो. आतून काही शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज चढत-उतरत होता. वहिनींनी दार उघडलं तेव्हा डोळे सुजलेले होते.

"ती म्हणाली, मी सांगते. दुसऱ्या कोणी सांगायचं नाही. त्याला फक्त उद्या तिथे आणा."

७

रविवारी हृषिकेश आला तो दारातच उभा राहिला. कुसुमने त्याला काय सांगून आणलं ते मला माहीत नाही. स्वरूपा दुसऱ्या खोलीत होती. तिलाही कुसुमनेच आणलं होतं, एका वाक्यावर: तुझे बाबा चांगले होते, ये आणि ऐक. गुरुजींना मी स्वयंपाकघरात चहा देऊन बसवलं.

वहिनींनी फोन लावून हृषिकेशच्या हातात दिला. पडद्यावर शालनताई होत्या. नऊवारी नाही, साधं पातळ, डोक्यावर पदर, मागे भिंतीवर नवऱ्याचा फोटो. एकट्या घरात इतक्या नीट कपड्यांत त्या याच फोनसाठी तयार होऊन बसल्या असणार.

त्यांनी सगळं सांगितलं. द्वारकाचं नाव, साटंलोटं, ताप, मांडीवर दिलेलं तान्हं मूल. कुठे रडल्या नाहीत. स्वतःला वाचवणारं एकही वाक्य त्यांनी घातलं नाही. स्वरूपा दारापाशी येऊन उभी होती. बोटीचं कुसुमने तिला हळूच सांगितलं, मामा-भाच्यांचं. तिने तोंडावर हात घेतला.

"लाज वाटत नव्हती," ती पुटपुटली. "घाबरत होते. बोटीला काही झालं तर म्हणून काठानं चालत होते." आणि मग इतक्या वर्षांची ती हसायची गोष्ट तिला आठवली असावी, कारण ती तिथेच खाली बसून रडायला लागली.

हृषिकेश मात्र दगडासारखा बसला होता. फोन हातात, नजर फोनवर. शालनताईंचं सांगून संपलं तरी तो काही बोलेना. कुसुमने माझा हात धरला. तिला भीती वाटत होती ती याचीच. आम्ही एका घरातला बाप परत मिळवला होता, आणि त्याचा हिशेब दुसऱ्याच घराला पडत होता.

"मला आता तू काय म्हणशील ते म्हण, बाळा," शालनताई म्हणाल्या. "सावत्रला मी सावत्रच."

जर्मनमध्ये त्या नात्यांसाठी दोन वेगळे शब्द आहेत, रक्ताचं अर्धं आणि लग्नानं आलेलं. आपल्याकडे एकच आहे. तो एक शब्द त्या बाईने पन्नास वर्षं उंबऱ्याबाहेर थोपवून धरला होता आणि आज स्वतःच उच्चारला.

हृषिकेशने घड्याळाकडे पाहिलं. सांगलीत तेव्हा दुपार टळत आली होती.

"आई," तो म्हणाला, "जेवलीस का?"

पडद्यावर पदर तोंडाला लागला.

"नाही रे. तुझं होऊ दे म्हटलं आधी."

"मग वाढून घे. मी इथे बसतो पानावर, तू तिथे बस. फोन चालू ठेव."

आत गुरुजींनी विचारलं, सुरुवात करायची का, कोण बसणार आहे. स्वरूपाने तोंड धुतलं, ओल्याच हातांनी केस बांधले आणि पाटावर जाऊन बसली. बापाच्या नावाने पाणी सोडल्यावर तिने गुरुजींना थांबवलं.

"अजून एक नाव घ्यायचंय," ती म्हणाली. "माझ्या आत्याचं."

गुरुजींनी नाव विचारलं. शैलावहिनी सांगायला पुढे झाल्या, पण त्यांच्याआधी हृषिकेशने सांगितलं.